दार लागलंय ना, नक्की ना?

संपादक साहेब, नमस्कार,

मुलांच्या टेन्शनवर पेपरात बरंच छापून येतं पण ते सगळं मार्क आणि मोबाईल याच्याच भोवती फिरतं, म्हणून हे पत्र. काही मुलं झोपताना "दार लावलंस ना?" विचारतात, आई हो म्हणते, पाच मिनिटांनी परत तेच, मग "नक्की ना?", मग स्वतः उठून बघून येतात. कुणी सारखे हात धुतं, कुणी कागद फाटेपर्यंत अक्षर खोडत बसतं. घरचे म्हणतात नाटकं आहेत, लाड झालेत. पण हा ओसीडी असू शकतो, म्हणजे भीतीचे विचार सारखे येणं आणि ते शांत करायला तीच गोष्ट परत परत करणं.

ओरडून काही होत नाही हे आता बऱ्याच जणांना पटलंय, पण दरवेळी "हो रे बाळा, लावलंय" म्हणण्यातली गोची कुणी सांगत नाही. उत्तर मिळालं की मुलाला बरं वाटतं पण थोडाच वेळ, आणि विचारलं म्हणूनच बरं वाटलं असं डोक्यात पक्कं बसतं, मग भीती आली की परत विचारणं आलंच. खाजवल्यावर खाज वाढावी तसं. खरं तर काहीच केलं नाही तरी भीती हळूहळू उतरते, पण ते मुलाला कळायला तेवढा वेळ जाऊ तर दिला पाहिजे ना! ओसीडीसाठी ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) नावाची थेरपी असते तिच्यात हेच करून घेतात, भीतीला सामोरं जायचं पण विचारायचं-तपासायचं नाही, आधी सोपी भीती मग अवघड.

घरी मात्र एकदम बंद करू नका, मूल घाबरून जाईल. शांत असताना त्याच्याशी बोलून ठरवा की एकदाच उत्तर देणार, नंतर विचारलंस तर मी नुसती जवळ बसेन. आणि हे घरात सगळ्यांनी पाळायचं, नाहीतर आई नाही म्हणाली की मूल आजीकडे जातं आणि आजी बिचारी शंभर वेळा हो म्हणते. सुरुवातीला विचारणं उलट वाढेल, तिथेच बहुतेक जण हात टेकतात.

नखं खाणं, केस उपटणं याचं जरा वेगळं असतं. तिथे "हात काढ तोंडातून" असं दिवसभर म्हणून उपयोग नाही. हात कधी जातो ते मुलाच्याच लक्षात आणून द्यायचं आणि त्या वेळी मूठ आवळून धरायला शिकवायचं, ही पद्धत 1973 पासूनची आहे. डोळे मिचकावणं, मान उडवणं हे टिक्स, म्हणजे आपोआप होणाऱ्या झटक्यासारख्या हालचाली, असू शकतात, ते मूल मुद्दाम करत नाही, त्याला टोकू नका.

रोज तासभर यातच जात असेल, शाळा झोप बिघडली असेल तर सरळ बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जा, गरज पडली तर थेरपीसोबत गोळ्याही देतात, त्यात लाज कसली. आणि चांगलं असलेलं मूल एकदोन दिवसात अचानक असं वागायला लागलं तर आधी मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, थांबू नका.

साहेब, जमलं तर एखाद्या तज्ज्ञांकडून यावर सविस्तर लिहून घ्या, आणि प्लीज परीक्षेचा सीझन सोडून छापा.

तुमची एक वाचक