राइट केलेल्या सीडींचे जतन आणि कायद्यातील अट

माननीय संपादक महोदय,

साधारण दोन दशकांपूर्वी मुंबईतील अनेक नाट्यसंस्था, वाचनालये आणि गणेशोत्सव मंडळांनी आपल्या जुन्या कॅसेट सीडीवर उतरवून घेतल्या आणि जतनाचे काम संपले असे मानले. बाजारातील छापील सीडीत माहिती प्लास्टिकमध्येच खाचांच्या रूपात उमटलेली असते. संगणकावर राइट केलेल्या सीडीत मात्र ती रंगद्रव्याच्या अतिशय पातळ थरात असते आणि ऊन, उष्णता व आपल्याकडची दमट हवा त्या थराला मानवत नाही.

अशा सीडींच्या इमेज फाइल, म्हणजे संपूर्ण सीडीची हुबेहूब नक्कल, आताच काढून ठेवायला हव्यात. नुसत्या फाइली कॉपी करण्यापेक्षा इमेज बरी, कारण तीत सीडीवरील मांडणीही जशीच्या तशी येते. गाण्यांच्या ऑडिओ सीडीला मात्र आयएसओ हा इमेजचा नेहमीचा प्रकार चालत नाही. तिथे बिन (प्रत्यक्ष ध्वनी) आणि क्यू (गाण्यांच्या जागांची नोंद) या फाइलींची जोडी लागते. ओरखडे पडलेल्या डेटा सीडीसाठी डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम आहे. तो वाचता येणारा भाग आधी उचलतो, अडलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि त्यांच्याकडे नंतर वळतो. ती नोंद जपली तर उरलेला भाग दुसऱ्या सीडी ड्राइव्हवर वाचून पाहता येतो, आणि एका ड्राइव्हला न जमलेले दुसऱ्याला पुष्कळदा जमते. (नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो ही सबब पुरेशी नाही, यूएसबीवर चालणारे ड्राइव्ह लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतात.)

इमेज हाती आली की रसिकांसाठी म्हणून ती टॉरेंटवर, म्हणजे इंटरनेटवरून आपसांत फाइली वाटण्याच्या व्यवस्थेवर, टाकण्याचा मोह अनेकांना होतो. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे हक्कधारकाच्या परवानगीशिवाय असे वाटप करू नये, हे माझेही मत आहे. जतनाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा दिली, पण त्या कलाकृतीची डिजिटल नसलेली प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून असावी अशी अट घातली. परिणामी कॅसेट जपणाऱ्या वाचनालयाला या तरतुदीचा आधार मिळतो, आणि कॅसेट खराब झाल्याने केवळ सीडी, म्हणजे डिजिटल प्रतच, उरलेल्या वाचनालयाला तो मिळत नाही. केंद्र सरकारने ही अट काढून टाकावी आणि तोवर संस्थांनी निदान स्वतःच्या मालकीच्या ध्वनिमुद्रणांपासून कामाला सुरुवात करावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, गिरगाव, मुंबई