काकूंच्या ऑपरेशनआधी

प्रिय सुध्या,

काल फोनवर काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख सांगितलीस, तेव्हाच बोलणार होतो. पण मागे काकूंचा आवाज येत होता, म्हणून गप्प राहिलो.

गेल्या वर्षी आईचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, एवढं तुला माहीत आहे. पुढचं कोणालाच सांगितलं नव्हतं. घरी आणल्यावर काही दिवसांनी तिची त्याच पायाची पोटरी दुखायला लागली. झोपून आखडली असेल म्हणून तीन रात्री मीच कोमट तेल लावून चोळली. ऑपरेशनच्या पायाला थोडी सूज असतेच, तिथंच फसलो. ओसरत आलेली सूज पुन्हा वाढली, कातडी तुकतुकीत आणि गरम झाली. डॉपलर सोनोग्राफीत मांडीपर्यंतच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी दिसली. "चोळलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. अशी गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर माणूस जातो, सुध्या. आईची सुटली नाही.

मला वाटायचं, रक्त पातळ करायच्या औषधानं गुठळी विरघळते. तसं नाही. ही औषधं गुठळी वाढू देत नाहीत, नवी होऊ देत नाहीत. असलेली हळूहळू शरीरच विरघळवतं. म्हणून उपचार निदान तीन महिने चालतो आणि मधेच गोळी सोडायची नसते. हल्ली बहुतेकांना ॲपिक्साबॅन किंवा रिव्हरॉक्साबॅनच्या गोळ्या देतात. आईची किडनी नाजूक, म्हणून तिला सुरुवातीला हेपारिनची इंजेक्शनं आणि सोबत वॉरफरिन. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, 2 ते 3 मध्ये ठेवायचा, त्यासाठी सारखं रक्त तपासायचं. पालेभाज्यांतल्या व्हिटॅमिन के मुळे वॉरफरिनचा असर कमी होतो, म्हणून मी घाबरून मेथी-पालक बंद केला होता. डॉक्टर म्हणाले, बंद करू नका, दर आठवड्याला साधारण तेवढाच खाऊ द्या.

या वॉरफरिनचं मूळ वाचून मी थक्क झालो. 1933 च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळातून दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त घेऊन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्याकडे पोचला. सडका चारा खाऊन त्याच्या गाई रक्तस्रावानं मरत होत्या. त्या चाऱ्यातल्या विषाच्या शोधातूनच पुढे हे औषध आलं. त्या गाईंची आठवण मला आईची गोळी काढताना रोज यायची.

तर, ऑपरेशनआधीच सर्जनना विचार: गुठळी होऊ नये म्हणून काय देणार आणि घरी किती दिवस चालू ठेवायचं. शुद्धीवर आल्यावर काकूंना पावलं वरखाली हलवायला लाव, सांगतील तेव्हा लगेच चालव. पोटरी दुखली, सूज वाढली तर चोळू नकोस, त्याच दिवशी दाखव. अचानक दम लागला, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त आलं तर थेट कॅज्युअल्टीत ने.

आईनंही काकूंना निरोप दिलाय: दुखलं तर लगेच सांगा. तिचा पाय मला कळायच्या दोन दिवस आधीपासून दुखत होता. माझी झोप मोडू नये म्हणून ती बोलली नव्हती.

तुझा,
अव्या