अनुशेष मोजता, पण नकाशा कोणता धरता?

मा. संपादक,
स.न.

१७ सप्टेंबरच्या, म्हंजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या निमित्तानं तुमच्या पुरवणीत मराठवाड्याच्या अनुशेषावर (विकासात मागं राहिलेल्या तुटीवर) पानभर मजकूर आला, वाचला. चुकीचं त्यात काही नाही पण दरवर्षी तेच असतं ना, निजाम, मुक्तिसंग्राम, १९५३ चा नागपूर करार, अनुशेष मोजणारी दांडेकर समिती, २०२० ला मुदत संपलेलं वैधानिक विकास मंडळ आणि शेवटी अन्याय कधी थांबणार. मी कॉलेजात भूगोल शिकवतो म्हणून राहावलं नाही, कारण एवढ्या भांडणात भूगोलवाल्यांना कुणी काही विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीपण आपणहून कधी तोंड उघडलं नाही.

आपल्याकडचे पीएचडीचे विषय बघा एकदा. 'अमुक तालुक्यातील भूमी उपयोजन : एक भौगोलिक अभ्यास'. तालुका बदला, साल बदला, नवा प्रबंध तयार. ओळखीतल्या एका पोरीनं ऊसतोड मजुरांच्या स्थलांतराचा विषय दिला तर समितीतले एक सर म्हणले हे समाजशास्त्रवाल्यांना करू द्या, तुम्ही पिकांखालचं क्षेत्र घ्या. घेतलं तिनं. गाईडला दुखवून डिग्री मिळते का कुठं.

डेव्हिड हार्वे हे आज जगभर ज्यांचं नाव घेतात ते भूगोलतज्ज्ञ, त्यांनीपण सुरुवातीला इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या हॉप्सच्या शेतीवरच डॉक्टरेट केली होती (बियरमध्ये घालतात ते पीक), म्हंजे आमच्याच बिरादरीतले! पण १९६९ ला ते अमेरिकेत बाल्टिमोरला गेले, तिथल्या काळ्या लोकांच्या वस्त्या, घरभाडी, बँका कुणाला कर्ज देतात न् कुणाला नाही हे बघितलं आणि १९७३ पर्यंत त्यांचा भूगोल पार पालटला. त्यांचाच विद्यार्थी नील स्मिथ, त्यानं १९८४ ला मांडलं की भांडवल एका जागेला वर काढतं तेव्हाच दुसरीला मागं पाडतं, मागासलेपण आपोआप येत नसतं. दांडेकर समितीचा अहवालपण १९८४ चाच, आता हा निव्वळ योगायोग, पण दोन्ही शेजारी ठेवून बघा. दांडेकरांनी जिल्हा हे एकक धरलं, राज्याची सरासरी काढली, जो जिल्हा जेवढा खाली तेवढा त्याचा अनुशेष, सगळा मिळून ३,१८६ कोटी. हिशोब चोख आहे, आकडा तर लागतोच, त्याशिवाय मुंबईत भांडणार कशावर. पण त्यात प्रत्येक जिल्हा आपल्या हद्दीत बंद. शेजारचा पुढं गेला त्यात आपलं काय गेलं, हे त्या तक्त्यात दिसायची सोयच नाही.

डोरीन मॅसी नावाच्या ब्रिटिश बाई हेच सांगायच्या, की कुठलीही जागा नुसती हद्दीच्या आत घडत नाही, बाहेरच्या जागांशी तिचं काय देणंघेणं आहे आणि त्यात दोरी कुणाच्या हातात आहे ते बघा. हे समजायला लंडनला जायची गरज नाही, दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणीकडं जा. उचल, म्हंजे ऊसतोडीसाठी मुकादमानं दिलेले आगाऊ पैसे, पावसाळ्यातच घेऊन खर्च झालेली असते. मुकादमाचा ट्रक उभा राहतो, त्यात पत्र्याची पेटी, बाजरीचं पोतं, चुलीचं सामान, कोंबड्या आणि वर लेकरं, म्हातारी तेवढी घरी राहते. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल कोयत्यावर, बाईच्या नावाचा वेगळा हिशोब नाहीच. मग पट्टा पडेपर्यंत, म्हंजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, सांगली-कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात कोप्यांमधी (झोपड्यांत). आता हा माणूस बीडच्या दरडोई उत्पन्नात मोजला जातो आणि त्यानं तोडलेल्या उसाची साखर मात्र कारखाना असेल त्या जिल्ह्याच्या खात्यात. याला नुसता बीडचा मागासलेपणा कसं म्हणायचं?

हद्दीचंपण तसंच. आपण मराठवाडा असा बोलतो की जणू देवानंच आखून दिलाय. बाबासाहेबांनी १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर लिहिताना मराठी मुलखाची चार राज्यं सुचवली होती, मुंबई, पश्चिम, मध्य आणि पूर्व. त्यातल्या मध्य महाराष्ट्रात मराठवाड्याबरोबर खानदेश, नाशिक, नगर, सोलापूरपण होतं. म्हंजे गोदावरीवरचं पैठणचं जायकवाडी धरण आणि त्याच्या वरची नाशिक-नगरची धरणं एकाच राज्यात, आणि ते राज्य चालवताना पैठणच्या माणसाचं वजन आजच्यापेक्षा नक्कीच जास्त असतं. भांडण मिटलं असतं असं मी म्हणत नाही. पण १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला की वरून पाणी सोडायचं हे मेंढेगिरी समितीचं सूत्र २०१३ मध्ये आलं, त्यावरपण टंचाईच्या वर्षी कोर्टकचेरी होतेच, ते भांडण वेगळ्या टेबलावर झालं असतं एवढं खरं. मराठवाडा विरुद्ध बाकीचे असं ते मांडताच आलं नसतं.

म्हणून विनंती अशी की पुढच्या १७ सप्टेंबरला अनुशेषाचा तक्ता छापाच, पण त्याच्या शेजारी एक नकाशा द्या, कुठल्या गावातून किती कोयते कुठल्या कारखान्याला जातात याचा. माहिती गोळा करायला माझी एम.ए.ची पोरं तयार आहेत, मुकादमांशी बोलायचीपण त्यांची तयारी आहे. फक्त काय ते गाळप सुरू व्हायच्या आधी कळवा, नंतर गावात विचारायला माणूस सापडत नाही.

आपला,
भूगोलाचा एक प्राध्यापक
अंबाजोगाई