नऊवारी आणि पोटऱ्या

नाशिक,
१२ जानेवारी

प्रिय मंदे,

फोटो पाहिला. गुडघ्यामागे बारीक शिरांची तीच निळी-जांभळी जाळी, माझ्यासारखी. फळ्यासमोर उभं राहून नोकरी केली, वर आईच्या घराण्यातून आलेल्या शिरा. दुसरं काय होणार! ती घालवायला शिरेत इंजेक्शनं घ्यायची तर खुशाल घे, पण वैशाखातल्या लग्नाच्या तोंडावर नको.

आधी पायांची डॉपलर सोनोग्राफी कर, शिरांतलं रक्त कसं वाहतं ते त्यात दिसतं. संध्याकाळी घोटे सुजतात म्हणतेस ना? आतल्या मोठ्या शिरेच्या झडपा नीट मिटत नसतील तर रक्त खाली साचतं, मग वरची जाळी कितीही घालवली तरी पुन्हा उमटते. सोनोग्राफीचं नाव न काढता पॅकेज सांगणाऱ्या क्लिनिकमधून सरळ उठून ये. व्हॅस्क्युलर सर्जन, म्हणजे रक्तवाहिन्यांचा डॉक्टर, गाठ.

सुईची धास्ती नको. अगदी बारीक असते, भूलही लागत नाही. मला पॉलिडोकॅनॉल दिलं. गंमत म्हणजे हे औषध मुळात जागा बधिर करायला निघालं होतं! ते शिरेचं आतलं अस्तर दुखावतं, भिंती चिकटतात, रक्त दुसऱ्या शिरांतून वाट काढतं आणि बंद पडलेली शीर शरीर हळूहळू जिरवतं. थोडं चुरचुरतं, खाजतं. लगेच उठून चालायला लावतात.

पण मंदे, पाय आधी वाईट दिसतो, मग बरा. काळंनिळं पडतं. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर तपकिरी डागही राहतात, रक्तातल्या लोहाचे. बहुतेकींचे जातात, पण महिने घेतात. बारीक शिरा फिकटायलाच ३ ते ६ आठवडे, आणि एका बैठकीत सहसा भागत नाही. शिवाय नंतर पायात घालायचं ते घट्ट स्टॉकिंग! एप्रिलच्या घामात ते चढवणं म्हणजे उशीला दोन नंबर लहान अभ्रा घालणं. दिवाळीनंतर कर.

पूर्वी कधी रक्ताची गाठ झाली असेल किंवा कसली अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांग. नंतर पाय एकाएकी सुजला, दम लागला, तर थेट हॉस्पिटल. सूनबाईंना सध्या काही करू देऊ नकोस. गरोदरपणातली जाळी बाळंतपणानंतर बरीचशी आपोआप ओसरते.

विम्याच्या भरवशावर राहू नकोस, दिसण्यासाठीचे उपचार ते सहसा धरत नाहीत. पुढे नव्या शिरा येणार नाहीत असंही नाही. तरी मला केल्याचं समाधान आहे.

लग्नात शिवलेली नऊवारी घे, घोट्यापर्यंत येते. रिपोर्ट आला की पाठव.

तुझीच,
वैजू