सुताराच्या हातची घड्याळे

मा. संपादक,
स. न.

जॉन हॅरिसन या इंग्लिश घड्याळकाराचे नाव निघाले, की समुद्रावर रेखांश मोजण्यासाठी १७१४ च्या कायद्याने जाहीर झालेल्या २०,००० पौंडांच्या बक्षिसाचीच कथा सांगितली जाते आणि त्यांच्या मूळ सुतारकामाकडे दुर्लक्ष होते, याचे वाईट वाटते.

१६९३ मध्ये यॉर्कशायरमधील फाउल्बी येथे जन्मलेल्या हॅरिसन यांनी आपली पहिली घड्याळे लाकडाचीच केली. त्या काळचे वंगणतेल काही काळाने घट्ट होऊन घड्याळाची चाल बिघडवी. म्हणून त्यांनी घर्षणाच्या जागी लिग्नम व्हिटे हे मुळातच तेलकट असलेले कठीण लाकूड बसवले आणि वरून तेल घालण्याची गरजच संपवली. ब्रॉकल्सबी पार्कमधील त्यांचे मनोऱ्याचे घड्याळ या विचाराची साक्ष देते. लंबकासाठी पितळ व पोलादाच्या सळया जोडून त्यांनी तापमानाचा परिणामही आवरला.

रेखांश काढण्यासाठी जहाजावर अचूक वेळ दाखवणाऱ्या तिसऱ्या सागरी घड्याळावर त्यांची सुमारे १९ वर्षे गेली, तरी त्याचा मोह सोडून त्यांनी १७५९ मध्ये अवघ्या १३ सेंटिमीटर व्यासाचे चौथे घड्याळ पूर्ण केले. मला हे धैर्य बक्षिसाहून मोठे वाटते. चाचणीच्या सफरीत पुत्र विल्यम यांच्यासोबत जमैकाला पोहोचेपर्यंत हे घड्याळ केवळ ५ सेकंद मागे पडले होते. तरीही बक्षिसाचा निर्णय करणाऱ्या रेखांश मंडळाने पुन्हा चाचणी मागितली, आणि १७७३ मध्ये संसदेने ८,७५० पौंड मंजूर केले तेव्हा हॅरिसन ८० वर्षांचे झाले होते.

आपला,
एक वाचक