काढलेली चार गाणी

सांगली,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय मित्रा,

तुझी आठही गाणी ऐकली. आधी मोबाईलवर ऐकली, पण समाधान होईना, म्हणून दुकानातले मोठे स्पीकर घरी आणून लावले आणि परत दोनदा ऐकली. त्याखाली तू लिहिलेलं वाचलं. कंपनीवाले म्हणतायत की चार गाणी काढा, त्यांच्या जागी जरा उडती, अडीच मिनिटांची, रीलला चालतील अशी द्या. "तू सांग काय करू" एवढंच विचारलंयस. याचं उत्तर फोनवर देता येईना, म्हणून कागद घेऊन बसलोय. तीस वर्षं ऑर्केस्ट्रात दुसऱ्यांची गाणी वाजवून झाल्यावर तू पहिल्यांदा स्वतःचं काही केलंयस. ते घाईत निकालात काढायची माझी इच्छा नाही.

तुझा निरोप वाचताना मला तुझ्या दादाची ती कॅसेट आठवली. दादा बोटीवरून सुट्टीला आला की खणभागातल्या तुमच्या माडीवर आपण त्याची बॅग उघडायची वाट बघत बसायचो. त्या खेपेला जॉर्ज हॅरिसनची 'गॉन ट्रॉपो' निघाली. बीटल्समधला माणूस म्हणून आपण हरखलो होतो, आणि पहिली बाजू संपेपर्यंत दोघांचेही चेहरे उतरले होते. तुला तर ते झोपाळू वाटलं होतं. मग त्या पावसाळ्यात, आयर्विन पुलाला पाणी लागतंय म्हणून सगळं गाव नदीवर गेलं असताना, तू एकटाच माडीवर बसून त्यातल्या 'दॅट्स द वे इट गोज'मधला स्लाइडचा, म्हणजे गिटारच्या तारेवर नळी सरकवत वाजवलेला, तुकडा मागेपुढे करत होतास. मी आलो तर मला म्हणालास, "ऐक, ही गिटार नाही, ही मींड आहे." एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जायचं, ती मींड. तेव्हा तू एकोणीस वर्षांचा होतास. तुझ्या सहाव्या गाण्यात मध्यमावरून गंधारावर उतरताना जो सूर तू रेंगाळत ठेवला आहेस, तो मला त्या माडीवरचाच वाटला.

कॅसेट २०१९ च्या पुरात गेली, हे तुला ठाऊक आहे. पाणी ओसरल्यावर फळीवरचा सगळा गाळ मी हाताने काढला. कॅसेटच्या दोन्ही चकत्यांत लाल चिखल घट्ट बसला होता. आठ दिवस गच्चीवर वाळवली, मग चकती पेन्सिलीने फिरवायला गेलो तर फीत तुटली. तरी ती मी टाकलेली नाही.

त्या 'गॉन ट्रॉपो'च्या आधी काय झालं होतं ते मी नंतर वाचून काढलं. तुझ्यावर आज आलीय तीच पाळी जॉर्जवर आली होती, म्हणून सांगतो.

१९८० मध्ये त्याने 'समव्हेअर इन इंग्लंड' नावाची रेकॉर्ड पुरी करून वॉर्नर ब्रदर्स या कंपनीकडे दिली. कंपनीने ती परत केली. फार संथ आहे, विकली जाणार नाही, असं त्यांचं म्हणणं. चार गाणी काढायला लावली आणि कव्हरसुद्धा बदलायला लावलं. हा कोणी नवखा पोरगा नव्हता. दहा वर्षांपूर्वी त्याने 'ऑल थिंग्ज मस्ट पास' ही तीन तबकड्यांची रेकॉर्ड काढली होती आणि ती अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेली होती. पण त्या तीन तबकड्या भरल्या कशा, ते बघ. बीटल्समध्ये एका रेकॉर्डला त्याच्या वाट्याला एक-दोन गाणी यायची, बाकी बँडमधल्या जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनीची. बाकीची त्याची साठत गेली. "तुझं गाणं नको" हे त्याने विशीतच पोटभर ऐकलं होतं. नंतर १९७६ मध्ये त्याच्या 'माय स्वीट लॉर्ड'ची चाल नकळत दुसऱ्या गाण्यावरून घेतली असा निकाल न्यायालयाने दिला. त्याच वर्षी कावीळ झाल्याने रेकॉर्ड द्यायला उशीर झाला, तर आधीच्या कंपनीने त्याच्यावरच दावा लावला. एवढं सोसून तो वॉर्नरकडे आला होता, आणि सदतिसाव्या वर्षी परत त्याला तेच ऐकायला मिळालं.

काढलेल्या चारांत 'सॅट सिंगिंग' आहे. ते तू आता शोधून ऐक. ध्यानाला बसल्यावर जे झालं त्याचं गाणं आहे ते. कुठे पोचायची घाई नाही, दिवस उतरल्यासारखं सावकाश चालतं. माझ्या मते त्या सगळ्या रेकॉर्डचा श्वास त्या एका गाण्यात होता, आणि कंपनीने नेमकं तेच काढायला लावलं. त्याऐवजी त्याने चार नवी दिली. त्यातलं 'ब्लड फ्रॉम अ क्लोन' तर कंपनीवरच्या रागाचं आहे, आणि रेकॉर्ड सुरू होते ती त्यानेच. सुई ठेवली की पहिला सूर चिडलेल्या माणसाचा. मला ते ऐकवत नाही, मित्रा. राग खरा आहे, पण गाणं नाइलाजाने केलेलं आहे, आणि ते कानाला कळतं.

पण एवढंच सांगून थांबलो तर मी तुझ्याशी अर्धं खोटं बोललो असं होईल. त्याच नव्या चारांत 'ऑल दोज इयर्स अगो' आहे. त्याची चाल मुळात बीटल्सचा ड्रमर रिंगो याच्यासाठी केलेली, ड्रम रिंगोचेच. रेकॉर्ड अशी अडकून पडलेली असतानाच ८ डिसेंबर १९८० ला न्यूयॉर्कमध्ये जॉन लेननला गोळ्या घातल्या. जॉर्जने त्याच चालीवर जॉनसाठी नवे शब्द लिहिले आणि स्वतः गायला. मागे आवाज द्यायला पॉल आला, त्याची बायको लिंडा आली. बँड मोडल्यानंतर उरलेले तिघं एका गाण्यात आले ते असे. अमेरिकेत ते दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं. कंपनीने रेकॉर्ड परत केली नसती तर ती १९८० मध्येच निघाली असती आणि हे गाणं तिच्यात नसतं. मी यावर पुष्कळ विचार केलाय. कंपनीमुळे गाणं झालं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि कंपनीचा काहीच संबंध नव्हता असंही म्हणता येत नाही.

माझं मन अडकलंय ते पुढच्या रेकॉर्डवर, म्हणजे आपल्या कॅसेटवर. १९८२ च्या शेवटी 'गॉन ट्रॉपो' आली. हे नाव ऑस्ट्रेलियातल्या बोलीतलं, उन्हाने डोकं फिरलेल्या माणसाला असं म्हणतात. घरातल्याच स्टुडिओत, इंग्लंडमधल्या हेन्ली गावच्या त्या मोठ्या बागेच्या घरात केलेली. ड्रमला जिम केल्टनर, ऑर्गनवर बिली प्रेस्टन, म्हणजे सगळी जिवाभावाची माणसं. आणि रेकॉर्ड तयार झाल्यावर त्याने तिच्यासाठी काहीही केलं नाही. मुलाखती नाहीत, दौरा नाही. करारातली एक रेकॉर्ड द्यायची होती, ती दिली आणि तो बागेत गेला. सिनेमे काढण्याचा त्याचा व्यवसाय होता, मुलगा चार वर्षांचा होता. अमेरिकेत रेकॉर्ड १०८ व्या नंबरवर थांबली, इंग्लंडच्या यादीत तर दिसलीच नाही. त्यानंतर पाच वर्षं त्याने नवी रेकॉर्ड काढली नाही.

लोक म्हणतात, रेकॉर्डच कमजोर होती. अर्धी होतीही. सुरुवातीचं 'वेक अप माय लव्ह' सिंथेसायझरने इतकं भरलंय की त्याची गिटार त्यात गुदमरते. तिथे कंपनीच्या आवडीचं काहीतरी द्यायचा प्रयत्न मला ऐकू येतो. पण शेवटचं 'सर्कल्स' आठव. ते गाणं त्याने १९६८ मध्ये ऋषीकेशला लिहिलं होतं. चौदा वर्षं जवळ ठेवलं आणि मग या रेकॉर्डच्या अगदी शेवटी लावलं. जन्म, मरण, परत जन्म, असा त्याचा विषय. आणि 'मिस्टिकल वन'. आणि तुझा तो स्लाइडचा तुकडा. हा माणूस रविशंकरांकडे सतार शिकला, मग आपण सतारिये होणार नाही हे ओळखून त्याने ती बाजूला ठेवली, पण बोटात बसलेली मींड कुठे जाणार? ती काचेच्या नळीतून गिटारवर उतरली. एवढं ज्या रेकॉर्डमध्ये आहे ती त्याने पोरकी करून जगात सोडली. मला त्याच्याबद्दल तक्रार आहे ती ही. कंपनीशी भांडला याची नाही. आधीच्या वेळी तो मनाविरुद्ध वाकला, आणि त्याचं दुःख त्याने पुढच्या रेकॉर्डवर काढलं. तिच्या बाजूने तो उभाच राहिला नाही.

तो गेल्यावर बरोबर एका वर्षाने, २९ नोव्हेंबर २००२ ला, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मित्रांनी त्याच्यासाठी कार्यक्रम केला. तिथे त्याचा शेजारी आणि जुना दोस्त जो ब्राउन 'दॅट्स द वे इट गोज' गायला. एवढ्या मोठमोठ्या गाण्यांच्या रांगेत, कुणीही न घेतलेल्या रेकॉर्डमधलं ते गाणं. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा तुला रात्री बाराला फोन केला होता. आठवतं का? तू उचलला नाहीस, कोल्हापूरला लग्नाच्या ऑर्डरवर होतास.

आता मिरजेचं सांगतो, कारण तुझ्या पाचव्या गाण्याचा संबंध तिथे आहे.

आईचा तंबोरा गेल्या महिन्यात मी सतारमेकर गल्लीत दिला. पुरात तो माळ्यावर होता म्हणून वाचला, पण भोपळ्याला चीर गेली होती आणि जवारी, म्हणजे तारेला झणकार देणारी घोडीची घासलेली पाठ, पार बसली होती. गुरुवारी बघायला गेलो. कारागीर मांडी घालून बसलेले, समोर घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. कानशीने घोडीच्या पाठीवरून एकदा, फक्त एकदा, हलका हात फिरवायचा. फुंकर मारायची. तार चढवायची, खाली सूत सरकवायचं, छेडायचं, ऐकायचं. मग तार उतरवून परत तेच. तासभर मी बघत होतो. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्यांना त्यांचा तंबोरा माइकवर भरपूर वाजणारा, अगदी खुल्या जवारीचा हवा होता. कारागिरांनी त्यांना नाही म्हटलं नाही. "करून देतो, पण आधी गाणार कोण ते सांगा," म्हणाले. ते गिऱ्हाईक म्हणालं, मुलगी गाते, काळी चारच्या पट्टीत. "मग तिलाच घेऊन या. ती गाईल तेव्हा मी घासतो." मला म्हणाले, घासलेलं परत लावता येत नाही, म्हणून गाणाऱ्याच्या कानासमोरच घासायचं.

तुझ्या पाचव्या गाण्याची सुरुवात नुसत्या तंबोऱ्याची आहे, चाळीस सेकंद. कंपनीला ती नको. मी ती घड्याळ लावून ऐकली. मला चाळीसही कमी वाटले. पण तो तंबोरा मशीनमधला आहे, रे. तो एकसारखा फिरत राहतो, तार छेडल्यावर जो झणकार फुलत जातो तो त्यात नाही. कंपनीच्या माणसाला ते लांबट वाटलं असेल तर त्याचा कान सगळाच चुकीचा नाही. सुरुवात कापू नकोस. खरा तंबोरा लाव. आईच्या तंबोऱ्यावर वाजव. तिला फार बरं वाटेल. तुला ती अजून "गिटारवाला" म्हणूनच ओळखते.

बाकीच्या तिघांचं वेगवेगळं सांगतो. दुसरं गाणं खरंच लांबलंय, तिसरं कडवं पहिल्याचंच परत आहे. ते काप, कंपनी म्हणते म्हणून नव्हे, मीही म्हणतोय. सहाव्याला हात लावू द्यायचा नाही. करार मोडला तरी चालेल, ॲडव्हान्स परत करायला मी पैसे देतो, तो विचार करू नकोस. आठव्यावर माझं मत होत नाही. ते तू वहिनी आजारी असताना केलंस हे मला माहीत आहे, त्यामुळे मला ते परक्यासारखं ऐकताच येत नाही. ते तुझं तू ठरव. आणि त्यांना हवीत तशी चार उडती गाणी तुझ्या मनातून येत असतील तर जरूर कर, वेगळी काढ, मी वाजवायला येतो. पण यांच्या जागी ती नकोत. नाइलाजाने केलेलं गाणं तुझ्या बोटांतून कसं निघेल हे मला ऐकायचं नाही.

आणि रेकॉर्ड निघाली की तू घरात बसायचं नाहीस. मी भावे नाट्यमंदिरात विचारून आलोय. दिवाळीनंतरचे दोन रविवार मोकळे आहेत. तिकीट लावू, पन्नास माणसं आली तर पन्नासांना वाजव. ऑर्केस्ट्रातले आपले जुने सगळे येतील, ढोलकीवाला तर आत्ताच तारीख मागतोय.

तंबोरा शनिवारी तयार होतोय. जवारीचा शेवटचा हात मी थांबवून ठेवायला सांगितलाय. पांढरी दोनला लावायचा की काळी एकला हे गाणाऱ्याने येऊन सांगावं, असं कारागिरांनी बजावलंय. शुक्रवारी रात्रीची गाडी पकड, पहाटे मिरज स्टेशनवर मी स्कूटर घेऊन उभा राहतो. गिटार आण. भडंग आईने आजच करून डब्यात भरलाय.

तुझाच,
खणभागातला