आई-बाबा, वाइनरी बघायला येताय तर

नाशिक

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न.

फेब्रुवारीत इंदूरहून नाशिकला यायचं ठरवलंत, फार बरं वाटलं. एकाच बागेची वाइन म्हणजे नेमकं काय आणि वाइनरीवाले पर्यावरणाचं जे सांगतात त्यात खरं किती, हे बाबांचे दोन्ही प्रश्न फोनवर नीट उलगडत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आई, तू घेणार नाहीस हे मला माहीत आहे. तरी कंटाळशील असं वाटत नाही. वाइनरीतलं निम्मं काम धुण्या-पुसण्याचं आणि चवीपेक्षा नाकाचं असतं, आणि त्या दोन्हीत तुझ्या नजरेतून काही सुटत नाही.

आधी वेळेचं. द्राक्षाचा वेल थंड देशात हिवाळ्यात झोपतो, आपल्याकडे झोपत नाही. म्हणून इथे तो वर्षातून दोनदा छाटतात आणि पीक मात्र एकदाच घेतात. एप्रिलच्या सुमारास नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी छाटणी, आणि वाइनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्च. पावसात फळ धरलं तर भुरी, केवडा आणि घडकूज हे रोग पडतात, शिवाय साखर भरत नाही. फेब्रुवारीत याल तर वेलावर घड, क्रशरवर क्रेट आणि टाकीत आंबून फसफसणारा रस हे तिन्ही एकाच दिवशी दिसेल. शनिवार-रविवार टाळा, मुंबई-पुण्याची गर्दी असते. मधला वार धरा आणि सकाळची पहिली फेरी घ्या. काढणी पहाटे होते, कारण थंड द्राक्षं आली तर ती गार करायला वीज कमी लागते आणि रस काळवंडत नाही. दहानंतर आलेल्या माणसाला धुतलेली फरशी तेवढी बघायला मिळते.

वाइनरीत शिरल्यावर आधी टेस्टिंग रूमकडे वळू नका, बागेत चला. बाबा, तिथली माती हातात घेऊन बघा. माळव्याची काळी माती आणि नाशिकची माती एकाच दख्खनच्या काळ्या दगडातून झालेली आहे, पण गव्हाला जी माती सोन्यासारखी तीच वाइनच्या द्राक्षाला अडचणीची. खोल काळी माती पाणी धरून ठेवते, वेल पानोपान माजतो, मणी फुगतात आणि रस पातळ होतो. वाइनवाल्यांना हवी असते ती उताराची, मुरमाड, पाणी निचरून जाणारी जागा. काही बागांत माणूसभर खोल खड्डा मुद्दाम उघडा ठेवलेला असतो. वर वीतभर माती, खाली मुरूम, त्यात घुसलेली मुळं, सगळं दिसतं. तो बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. एकाच बागेची वाइन काढायला निघालेल्या माणसाला आपल्या जमिनीखाली काय आहे हे ठाऊक असलंच पाहिजे. शेजारचा तुकडा वेगळा का लागतो, हे त्याला त्या खड्ड्यातूनच समजावता येतं.

मणी मागून चाखा. बाजारातली द्राक्षं लांबट, पातळ सालीची आणि बिनबियांची. ही छोटी, जाड सालीची, बियांची आणि कितीतरी जास्त गोड असतात. रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजतात. खायची द्राक्षं 16 ते 18 ब्रिक्सला तोडतात. पांढऱ्या वाइनसाठी 20 ते 22 आणि लालसाठी 22 ते 24 लागतं. खिशात मावणाऱ्या दुर्बिणीसारखं रिफ्रॅक्टोमीटर असतं, त्याच्या काचेवर एक थेंब टाकून उजेडाकडे बघितलं की आकडा दिसतो. त्याला 0.55 ते 0.6 ने गुणा, वाइनमध्ये किती टक्के अल्कोहोल येणार ते निघतं. म्हणजे 23 ब्रिक्सची साधारण 13 टक्के. बी चावून बघा. हिरवी, कडवट असेल तर साखर भरली तरी लाल वाइनला ती द्राक्षं अजून कच्ची. तपकिरी आणि कुरकुरीत झाली की तयार.

आता बाबांचा पहिला प्रश्न. बहुतेक वाइन अनेक शेतकऱ्यांच्या द्राक्षांची असते, सगळा रस एकत्र करून दरवर्षी सारखी चव राखतात. त्यात कमीपणा काही नाही, रोजच्या चांगल्या वाइन तशाच होतात. एकाच बागेच्या वाइनमध्ये उलट असतं. एका तुकड्याची द्राक्षं वेगळी तोडायची, वेगळी कुटायची, वेगळ्या टाकीत आंबवायची, वेगळ्या पिंपात ठेवायची आणि वर्षागणिक चव बदलली तर बदलू द्यायची. फ्रान्सच्या बरगंडीत एकाच टेकडीच्या उतारावर असे शेकडो छोटे तुकडे शतकानुशतकं आपापल्या नावाने ओळखले जातात. 2015 साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतलं.

लेबलवर बागेचं नाव छापणं सोपं आहे. खरं-खोटं हिशेबाने काढता येतं, आणि ते काम बाबांचं. एकरी उत्पादन विचारा. चांगल्या वाइनसाठी एकरी 3 ते 4 टनांवर जाऊ देत नाहीत, खायच्या द्राक्षाचं 10 टनांच्या पुढे जातं. एका टनातून 600 ते 650 लिटर वाइन निघते. म्हणजे 4 टनांच्या एका एकरातून साधारण 2,500 लिटर, 750 मिलीच्या 3,300 बाटल्या. बाग दोन एकरांची सांगतात आणि बाटल्या वीस हजार विकतात, तर बाकीचा माल कुठला ते विचारायचं.

दुसरा पुरावा तळघरात मिळतो. छोट्या टाक्या आहेत का बघा. 2,500 लिटरची वाइन 10,000 लिटरच्या टाकीत ठेवली तर वर रिकामी जागा राहते, तिथली हवा वाइनला लागते आणि आधी कापलेल्या सफरचंदाचा, मग व्हिनेगरचा वास येतो. म्हणून तुकड्यातुकड्याची वाइन करणाऱ्यांकडे 500, 1,000, 2,000 लिटरच्या टाक्यांची रांगच दिसते, किंवा झाकण खालीवर सरकणाऱ्या टाक्या असतात. प्रत्येकीवर खडूने किंवा पाटीवर बागेचं नाव, तोडणीची तारीख आणि रोजची साखर-तापमानाची नोंद हवी. नुसतं शिराझ किंवा शेनिन ब्लां असं जातीचं नाव पुरत नाही.

आणि हा प्रश्न नक्की विचारा: पिंप कशाने भरता? ओकचं नेहमीचं पिंप 225 लिटरचं, म्हणजे 300 बाटल्यांचं. लाकडातून वाइन हळूहळू उडते आणि दर दोन-चार आठवड्यांनी वरून भर घालावी लागते, नाहीतर पुन्हा तीच रिकामी जागा आणि तोच व्हिनेगर. एकाच बागेची वाइन असेल तर भरसुद्धा त्याच बागेची हवी. ती काचेच्या मोठ्या बरण्यांत किंवा स्टीलच्या छोट्या डब्यांत काठोकाठ भरून बाजूला ठेवलेली असते. मार्गदर्शकाने लगेच त्या दाखवल्या तर माणसं काम मनापासून करतात असं समजा. माझ्या मते हा प्रश्न लेबलवरच्या दहा ओळींपेक्षा जास्त सांगून जातो.

दुसरा प्रश्न पर्यावरणाचा. छतावरची सौर पॅनेलं सगळेच दाखवतात, आणि ती चांगलीच आहेत, कारण वाइनरीची सर्वांत जास्त वीज गार करण्यात जाते. पांढरी वाइन 12 ते 16 अंशांवर आंबवतात आणि बाहेर दुपारी 30 च्या वर तापमान असतं. पण गार करण्याची गरज कमी केली का, हे आधी बघायचं. टाक्यांवर इन्सुलेशन आहे का, नळ्यांवर दव साचून पाणी ठिबकतंय का, पिंपांची खोली जमिनीत आहे का.

त्याहून मोठी गोष्ट पाण्याची. जलूदहून सत्तर किलोमीटर चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी वापरणाऱ्या इंदूरकरांना हे वेगळं सांगायला नको. नीट चालवलेल्या वाइनरीतही एका लिटर वाइनमागे 3 ते 6 लिटर पाणी लागतं, आणि ते जवळजवळ सगळं धुण्यात. आई, इथे तू लक्ष ठेव. फरशीवरची सालं आधी खराट्याने, रबरी पट्टीने गोळा करतात की थेट पाइप सोडून गटारात ढकलतात? पाइपाच्या तोंडाला दाबल्यावरच सुटणारी बंदूक आहे की पाणी नुसतं वाहतंय? सालं पाण्यात गेली की सांडपाण्यात साखर आणि आम्ल वाढतं, शुद्धीकरणाच्या टाकीतले जिवाणू दमतात आणि तिथून कुबट वास सुटतो. सांडपाण्याची टाकी दाखवा म्हणायला संकोचू नका. चांगल्या ठिकाणी आनंदाने नेतात आणि शुद्ध केलेलं पाणी कुठल्या झाडांना जातं तेही दाखवतात.

चोथ्याचंही विचारा. देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पासाठी, म्हणजे ओल्या कचऱ्यापासून गॅस करायला, तुम्ही घरी ओला-सुका कचरा वेगळा करता, तसं इथे साल, बिया आणि देठ वेगळे पडतात. द्राक्षाचा चोथा आंबट असतो. तसाच बागेत फेकला तर चिलटं आणि दुर्गंधी. शेण, पालापाचोळा आणि थोडा चुना घालून ढीग रचला, अधूनमधून उलटला, तर काही महिन्यांत काळं, मातीचा वास येणारं खत होतं. तो ढीग बघा, हाताला कोमट लागला पाहिजे.

फवारणीबाबत एक समजून घ्या. सेंद्रिय म्हणजे बिनफवारणीची बाग नव्हे. गंधक आणि मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण सेंद्रिय शेतीतही चालतं, आणि मोरचुदातलं तांबं मातीत साठत जातं. म्हणून "आम्ही काहीच फवारत नाही" म्हणणाऱ्यापेक्षा "यंदा इतक्या वेळा फवारलं, अमुक पावसानंतर" असं सांगणाऱ्यावर माझा विश्वास जास्त. ओळींमध्ये ताग किंवा धैंचा असं हिरवळीच्या खताचं पीक पेरलेलं असेल तर चांगलं लक्षण. आणि बाटली उचलून बघा. हलकी 400 ग्रॅमच्या आसपास, जाडजूड 800 च्या पुढे. आतली वाइन तीच, पण काच वितळवायला इंधन जवळपास दुप्पट आणि वाहून न्यायलाही जास्त. जड बाटली देऊन पर्यावरणाच्या गप्पा मारणं मला पटत नाही.

मग चाखणं. क्रम पांढरी, गुलाबी, लाल, शेवटी गोड. त्या दिवशी अत्तर नको, सुपारी-वेलची नको, आणि सकाळच्या पोह्यांवर जिरावण किंवा लौंग शेव तर अजिबात नको. तिखटाने जीभ पेटलेली असली की वाइनमधलं अल्कोहोल नुसतं जाळतं. एकाच जातीच्या, एकाच वर्षाच्या, दोन वेगळ्या तुकड्यांच्या वाइन शेजारी शेजारी मागा. त्याशिवाय बागेचा फरक कळत नाही, एकटी चाखून कुणीही काहीही सांगू शकतं. लाल वाइन 16 ते 18 अंशांना हवी, कोमट दिली तर थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवायला सांगा. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बुचाचा दोष, नेलपॉलिशचा आला तर वाइन बिघडायला लागली आहे. दोन्ही वेळा दुसरी बाटली उघडून देतात.

बाबा, आता नीट वाचा. 30 मिलीचे पाच नमुने म्हणजे 150 मिली, त्यात साधारण 15 ग्रॅम अल्कोहोल. तुमच्या मधुमेहाच्या गोळ्यांपैकी ग्लिमेपिराइडसारखी असेल, किंवा इन्शुलिन, तर उपाशीपोटी अल्कोहोलने साखर फार खाली जाऊ शकते, तीही कित्येक तासांनी, रात्री झोपेत. निघण्याआधी डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवून विचारा. ते नको म्हणाले तर थुंकायचं भांडं असतंच. रोज चाखणारे आम्ही सगळे थुंकतोच, त्यात अवघडण्यासारखं काही नाही.

आई, गुडघ्यांसाठी रबरी तळव्याचे बूट घाल, फरशी ओली असते. पिंपांची खोली 15 अंशांच्या आसपास, शाल घे. आंबवणाऱ्या टाकीवर दोघांनीही वाकून बघू नका. वर कार्बन डायऑक्साइड साचतो, वास येत नाही पण श्वास कोंडतो.

रस्ता तोच आग्रा-मुंबई, सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव. चारशे किलोमीटरच्या वर आहे, म्हणून पोहोचण्याचा दिवस आणि वाइनरीचा दिवस वेगळे ठेवा. चांदवडला अहिल्याबाईंचा रंगमहाल आणि रेणुकामातेचं देऊळ आहे, तिथे थांबा, पाय मोकळे होतील. गाडीला ड्रायव्हर ठेवाच. रक्तात 100 मिलीला 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल म्हणजे गुन्हा, आणि पाच नमुन्यांनी माणूस त्या हद्दीशी पोहोचू शकतो.

परतताना बाटल्या न्यायच्या असतील तर मध्य प्रदेशच्या अबकारी खात्याचा चालू नियम आधी विचारून घ्या. सेंधव्यापाशी राज्य बदलतं, इथलं बिल तिथे पुरेलच असं नाही. डिकीत ठेवू नका. निमाडच्या दुपारी ती भट्टीसारखी तापते, वाइन फुगून बूच वर ढकलते. पायाशी, ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवा. घरी फ्रीजच्या डोक्यावर नको, तिथे धग लागते. कपाटाच्या खालच्या कप्प्यात, बूच असेल तर आडवी.

डॉक्टर काय म्हणाले ते आणि तारीख या आठवड्यात कळवा, म्हणजे मधल्या वारची सकाळची वेळ मी सांगून ठेवते. आईसाठी पायऱ्या नसलेल्या वाटेने न्यायलाही सांगेन.

तुमची,
लेक